आईच्या भिंतीतला पिंपळ उपटला तेव्हा

"हात लावू नका! उपटू नका! ठराव झालेला नाही!"

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष खाली पार्किंगमध्ये उभे राहून ओरडत होते. एका हातात दुधाची पिशवी आणि दुसरा हात थेट आभाळाकडे. आवाज असा की बिबवेवाडीतली समस्त कबुतरं उडाली आणि स्वारगेटच्या डेपोत जाऊन बसली. रविवार सकाळचे साडेनऊ. तिसऱ्या मजल्याच्या वर, गच्चीवर मी. माझ्या मुठीत दोर. दोराचं एक टोक पाण्याच्या टाकीच्या खांबाला दोन वेढे देऊन बांधलेलं आणि दुसरं टोक कठड्यापलीकडे, खाली खिडकीच्या छज्ज्यावर उभ्या असलेल्या तात्यांच्या कमरेला. तात्या म्हणजे धायरीचे एक पासष्टीचे शेतकरी. त्यांच्या एका हातात पहार होती आणि दुसऱ्या हातात आमच्या भिंतीतून उगवलेल्या पिंपळाची मान.

आणि त्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, भिंतीला लागून असलेल्या खाटेवर, माझी ब्याऐंशी वर्षांची आई पेपर वाचत बसली होती. उठणार नाही म्हणाली होती.

"आत्ता ठराव कसला करताय!" मी वरून ओरडले. "थांबलो तर शोकठरावच करावा लागेल!"

वाक्य झकास होतं. एरवी मी ते आठवडाभर मिरवलं असतं. पण 'शोक' म्हणताना माझा आवाज असा चिरकला की छज्ज्यावरून तात्यांनी मान वर करून विचारलं, "ताई, दोर धरलाय ना नीट?"

धरला होता. माझी बोटं त्या दोरात इतकी रुतली होती की पुढे दोन दिवस बँकेत माझी सही जुळेना.

हा पिंपळ आमच्याकडे बारा वर्षं राहायला होता. मेंटेनन्स न भरता राहणारा तो एकमेव सभासद. गच्चीचं पाणी जिथून पाइपात उतरतं त्या सांध्यात एक इवलंसं पान दिसलं, तिथून सुरुवात झाली. दरवर्षी दिवाळीआधी त्याचा एक सोहळा व्हायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू हळदकुंकू आणि नारळ घेऊन गच्चीवर यायच्या, कठड्यावरून वाकून त्याला म्हणायच्या, "क्षमा कर रे बाबा," आणि मग कोयतेवाला माणूस त्याला भिंतीलगत सपासप छाटायचा. इतिवृत्तात नोंद व्हायची की इमारतीवरील पिंपळ काढण्यात आला. पुढच्या श्रावणात पिंपळ हजर, आधीपेक्षा जाड. उपटायची मात्र कोणाची छाती नव्हती. काकू म्हणायच्या, "छाटला तर चालतं हो. पण पिंपळ उपटायचा नसतो. उपटणाऱ्याच्या घराचं बरं होत नाही." कोणाच्या घराचं बरं झालं नाही असं विचारलं की त्या डोळे मिटायच्या. त्यांच्या त्या मिटलेल्या डोळ्यांना डॉक्टर, इंजिनिअर आणि दोन चार्टर्ड अकाउंटंट घाबरून असायचे. मीसुद्धा.

आई शहरातल्या एका जुन्या शाळेत चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली. ती पिंपळाला घाबरत नव्हती, पण चुकीचं क्रियापद दिसलं की तिला झोप येत नसे. एका वार्षिक सभेत ती उठून उभी राहिली. म्हणाली, "इतिवृत्तात दुरुस्ती सुचवते. पिंपळ 'काढण्यात आला' नव्हे, 'छाटण्यात आला' असं हवं."

अध्यक्ष हसून म्हणाले, "बाई, एकच ना ते."

झालं. सभेत चहा यायचा होता, तो गार झाला. आईने अध्यक्षांना सातवी तुकडी ब समजून सांगितलं, "एकच कसं? नखं काढतात, केस कापतात, फांदी छाटतात. या सगळ्यात मागे काहीतरी शिल्लक राहतं आणि ते पुन्हा वाढतं. उपटणं वेगळं. मुळात संस्कृत. उत् म्हणजे वर, पाटन म्हणजे फाडणं. उत्पाटन. लोकांच्या तोंडी झिजून झिजून त्याचं उपटणं झालं. वर ओढायचं, फाडून काढायचं. मूळ हातात आलं पाहिजे आणि जागेवर खड्डा राहिला पाहिजे. या दोनातलं एक जरी कमी असलं, तरी ते उपटणं नव्हे."

"मग काय, उपटायचा म्हणता का?" अध्यक्ष सावध झाले.

"तो आपला प्रश्न. मी फक्त शब्द सांगितला."

माझ्यावर हा शब्द लहानपणीच गुदरला होता. मी तिच्याच वर्गात होते. निबंधात मी लिहिलं की शाळेच्या मैदानावर आम्ही मुली गवत उपटत होतो आणि गवतामागून वाघ आला. समासात लाल शाईने आलं: "आपण पाहिलात काय?" घरी आल्यावर तिने माझे कान उपटले. मी रडत रडत म्हटलं, "उपटले कुठे? दोन्ही जागेवर आहेत. म्हणजे तूपण वाढवूनच बोलतेस!" तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "ही भाषेची अतिशयोक्ती आहे. भाषेने केली की चालते. तू केलीस की ती थाप." 

असा तिचा न्याय. एकदा आम्ही रिक्षाने स्वारगेटच्या चौकात अडकलो होतो. पुढे एक मोटरसायकलवाला आणि एक टेम्पोवाला एकमेकांच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होते. शेवटी मोटरसायकलवाला गरजला, "जा, काय उपटायचंय ते उपट!" रिक्षावाल्याने आईकडे बघून जीभ चावली. आई म्हणाली, "क्रियापद योग्य आहे. कर्म गाळलं, तेही बरं केलं." सिग्नल सुटला तरी रिक्षावाल्याला हसू आवरेना.

तर असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग गणपती गेल्यावर आठवड्याने, एका सकाळी मी आईची चादर बदलायला गेले आणि उशीवर लाल भुकटी दिसली. चिमूटभर. मी बोटाने चोळली. विटेची होती.

खाटेच्या डोक्याशी तिचं पुस्तकांचं कपाट. मी ते सगळं ताकद लावून पुढे ओढलं. मागे भिंतीला तडा होता, छतापासून खाली खाटेच्या उंचीपर्यंत. आणि तड्याच्या कडेने पेन्सिलच्या बारीक आडव्या रेघा, प्रत्येक रेघेपाशी आईच्या टपोऱ्या अक्षरात एकेक महिना. माघ. फाल्गुन. चैत्र. वैशाख. अशा आठ रेघा, एकेक करत खाली उतरलेल्या. शेवटची उशीपासून वीतभर वर. तड्यातून एक पांढुरकं, उंदराच्या शेपटीसारखं मूळ आत आलं होतं आणि कपाटाच्या फळीतून शिरून मोठ्या शब्दकोशाच्या पाठीला चिकटलं होतं.

माझ्या छातीत असा ठोका पडला की खालच्या मजल्यावर दार उघडून कोण आलंय ते बघितलं असेल. मी किंचाळले.

"ओरडू नकोस," आई दारातून म्हणाली. "मूळ आहे. साप नाही."

"तुला माहीत होतं?"

"मापं मग कोणी घेतली?"

"आणि तू याच्या खाली झोपतेस? आठ महिने?"

"मग कुठे झोपू?"

मी तडक अध्यक्षांच्या दारात. आणि इथे मी माती खाल्ली. जे होतं तेवढं सांगितलं असतं तर पुरे होतं. पण भीती वाटली की माझ्या तोंडातून वस्तू मोठ्या होऊनच बाहेर पडतात. मी म्हटलं, भिंतीतून हत्तीच्या सोंडेएवढी मुळं आली आहेत, अख्खी खोली डुलते आहे, काल आईची खाट आपोआप दोन फूट सरकली.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, उन्हाळ्यात तुम्ही पाण्याच्या टाकीत मगर आहे म्हणाला होतात."

"घोरपड होती ती!"

"पाल होती. मी स्वतः शेपटीला धरून काढली." तरी माणूस सज्जन, बघायला आले. चष्मा लावून तड्यावरून बोट फिरवलं, सोंडेएवढं मूळ कुठे आहे ते विचारलं, आणि शेपटीएवढं बघून म्हणाले, "पुट्टी भरून घ्या. तसाही पुनर्विकास होणारच आहे."

मी कपाट बाजूला हलवून पुट्टी भरून घेतली; मोठा शब्दकोश तेवढा आईने उशाशी ठेवून घेतला. चार दिवसांत ती मधोमध उलली आणि तिच्या खाली आईने नववी रेघ मारली.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी माझ्या शत्रूलाही देणार नाही, आणि मला शत्रू बरेच आहेत. बँकेत काउंटरवर बसले की कानात विटा पडायच्या. कोणी शिक्का आपटला की मी खुर्चीतून उडायचे. अकरा वाजता, एक वाजता आणि चार वाजता घरी फोन. आई उचलायची आणि म्हणायची, "उभी आहे." भिंत की ती स्वतः, ते सांगायची नाही. एके दिवशी तिने वीस मिनिटं फोन उचलला नाही. मी कॅश तशीच सहकारिणीच्या गळ्यात टाकली आणि रिक्षा केली. वाटेत मी तिचे दिवससुद्धा करून मोकळी झाले. जिना चढताना पाय लागत नव्हते. दार उघडलं तर आई ओले केस पुसत उभी.

"आंघोळीला जायलाही आता तुझी परवानगी लागणार का?"

"आई, माझ्या खोलीत झोपायला ये. पाया पडते तुझ्या."

"तुझ्या खोलीत? म्हणजे रात्रभर गोष्टी ऐकायच्या. त्यापेक्षा भिंत परवडली."

त्याच सहकारिणीने मला तात्यांकडे पाठवलं. ते तिचे चुलते. धायरीत त्यांची शेती होती तिथे आता लिफ्टच्या इमारती आहेत, पण झाडांची कामं करायला लोक अजून त्यांनाच बोलावतात. तात्या आले, बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून बघितली. बद बद असा आवाज आला.

"छाटून छाटून तुमीच माजवलाय ह्याला," ते म्हणाले. "आमच्या हिरीत बी उगवायचा. हिरीतला पिंपळ ठिवला का दगडांचं थर सुटत्यात. मंग एक दिस अख्खी हीर बसती. ह्यो उपटायलाच पायजे."

मी आवाज खाली आणून विचारलं, "पण तात्या, उपटला तर पाप लागतं म्हणतात."

"उपटण्यात पाप न्हाई ताई. उपटून फेकण्यात हाय. सकाळी उपटला का दिस मावळायच्या आत वढ्याच्या कडंला लावायचा. माझ्या बानं हिरीतलं पाच पिंपळ लावलं, पाची जगलं." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "आतल्या बाजूनं विटा येत्याल. किती ते सांगता यायचं न्हाई. आजींना आत बसू देऊ नगा."

आजी आतच बसल्या.

त्या रविवारी सकाळी तात्या गच्चीवर दोर बांधत होते तेव्हा मी आईला उठवायला माझी सगळी विद्या पणाला लावली. बारामतीजवळ अशाच भिंतीखाली एक अख्खं वऱ्हाड गेलं म्हणून सांगितलं. पिंपळाची मुळं माणसाचा श्वास ओळखून त्याच्या दिशेने वाढतात, असं एका शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय, तेही सांगितलं. शास्त्रज्ञ जर्मन होता, हेही जोडलं. 

आईने पेपर खाली घेतला. "अर्धा तास तुझं ऐकते आहे. त्यात भिंत किती आणि तू किती, ते आधी वेगळं करून आण."

वरून तात्यांची हाक आली, "ताई, चला!"

मी दारात उभी राहिले. आणखी दोन वऱ्हाडं आणि एक शास्त्रज्ञ अजून शिल्लक होते, पण ते मी काढले नाहीत. आईच्या डोक्यामागे ती नववी रेघ दिसत होती. तिच्या पांढऱ्या अंबाड्याला जवळजवळ टेकलेली.

"आई," मी म्हटलं, "मला भीती वाटते."

तिने पेपरचं पान उलटलं. मी गच्चीवर गेले.

तर अध्यक्ष खालून ओरडत होते, मी शोकठराव म्हणून चुकले होते, एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत गच्चीवर आल्या. हातात नारळ. मला वाटलं, आता या दोरावर आडव्या पडणार.

"थांबा हो! निदान नारळ तरी फोडू द्या!"

"वैनी, फोडा बिगीनं," छज्ज्यावरून तात्या म्हणाले, "पायाला मुंग्या आल्यात."

काकूंनी कठड्यावरच नारळ आपटला. पाणी थेट खाली अध्यक्षांच्या डोक्यावर. ते गप्प झाले. त्या शांततेत तात्यांनी बुंध्याला हात लावून कपाळाला लावला, पहार खोडामागे घातली आणि नेट दिला.

आधी काहीच झालं नाही. मग भिंतीच्या पोटातून एक आवाज आला. जुनं धडुतं टराटरा फाडावं तसा, पण लांबच लांब, संपेचना. मला आईची सभा आठवली. पाटन म्हणजे फाडणं. दोराला हिसका बसला, माझे तळहात सोलवटले, आणि खालून तात्या ओरडले, "आलं! मुळासकट आलं!" एक वीट बाहेर सुटली आणि अध्यक्षांपासून हातभरावर पडून फुटली. आणि लगेच आतून, आईच्या खोलीतून, धडाम्.

एकदाच. मग काही नाही. आईच्या खिडकीतून लाल धूळ बाहेर येऊ लागली.

"तुमी जावा," तात्या म्हणाले. "म्या धरलाय कठडा."

गच्चीपासून आमच्या दारापर्यंत अठरा पायऱ्या आहेत. त्या दिवशी त्या अठराशे होत्या, आणि यात मी एकही वाढवून सांगत नाही. खोलीत शिरले तर समोर भिंतीत खिडकीएवढं भगदाड, त्यातून पलीकडच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते. खाटेच्या डोक्याकडे विटांचा ढीग. उशी दिसत नव्हती. ढिगाखालून पेपरचं एक टोक बाहेर आलं होतं आणि वाऱ्याने हलत होतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. शब्द फुटेना. आयुष्यात मला कधी शब्द कमी पडले नव्हते, तेव्हा साधी दोन अक्षरं निघेनात. मी गुडघ्यावर बसून हातांनी विटा बाजूला करत सुटले. एक वीट, दुसरी, तिसरी. खाली चादर. आणखी खाली शब्दकोश, पाठ मोडलेला. आणखी खाली उशी. उशीखाली काही नव्हतं.

मागे स्वयंपाकघरात कपाला बशी लागल्याचा आवाज आला.

आई दारात उभी होती. पेपरचं आतलं पान काखेत, हातात चहा, तो बशीत सांडलेला. तिने भगदाडाकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं, मग मी केलेल्या पसाऱ्याकडे.

"मूळ आलं का?"

मी मान हलवली.

"आणि खड्डा आहेच," ती म्हणाली. "म्हणजे उपटला." 

मग मी तिला मिठी मारून इतकी रडले की तिचा उरलेला चहाही सांडला.

तात्यांना खिडकीतून आत घेतलं. मूळ त्यांच्याहून लांब होतं, ते त्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळून पिंपळासकट टेम्पोत घातलं. दुपारी धायरीला जाऊन ओढा म्हणून जे काही उरलंय त्याच्या कडेला लावला. मी सोबत गेले आणि दोन बादल्या पाणी घातलं. अध्यक्षांनी डोकं पुसून त्याच दिवशी गवंडी बोलावला, भगदाडाला पत्रा ठोकून घेतला आणि तातडीच्या सभेच्या नोटिशीत स्वतःच्या हाताने लिहिलं, "पिंपळ उपटण्यात आल्याबाबत." आईने चष्मा लावून नोटीस वाचली आणि एकही दुरुस्ती न सुचवता परत दिली. अध्यक्षांना एवढी शाबासकी पुढे कधी मिळाली नाही.

संध्याकाळी पाचच्या चहाला आई माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर बसली होती. तिचं अंथरूण मी तिथे घातलं होतं आणि तिने ते घालू दिलं होतं. मी दिवसभर विचारायचं टाळत होते, ते विचारलं.

"अर्धा तास ओरडून सांगत होते तेव्हा ढिम्म हलली नाहीस. मग नंतर कशी उठलीस?"

तिने कप खाली ठेवला.

"तीन शब्दांचं वाक्य होतं," ती म्हणाली. "म्हणून उठले."